शिंपिणीने घेतलेलं डॉक्टरांचं माप

सव्वीस वर्षं मी बायकांची मापं घेतेय. छाती, कंबर, मुंढा, सगळं. स्वतःचं छातीचं माप मात्र गेली कित्येक वर्षं टेपकडे न बघताच घेत आले. आता ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करायची शस्त्रक्रिया करून घ्यायचं ठरवलंय. येत्या सोमवारी आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू ऑपरेशनचा नाही. त्याआधी दोन ठिकाणी जो सल्ला घेतला आणि जी तयारी करून घेतली गेली, तिचा आहे. नावं लिहीत नाही. एका ठिकाणाबद्दल बरं लिहिणार नाहीये आणि दुसऱ्या ठिकाणी माझे टाके पडायचेत अजून.

आधी कारण. मशीनवर वाकलं की तासाभरात मान धरते, बोटांना मुंग्या येतात. खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्यात, डावीकडच्या खाचेत करंगळी बसते. स्तनांखाली घामाने चट्टे उठतात म्हणून अस्तराचे उरलेले सुती तुकडे घडी करून ठेवते आणि दिवसातून तीनदा बदलते. मलमं झाली, फिजिओथेरपी झाली, सहा किलो वजनही उतरवलं. ते चेहऱ्यावरून उतरलं, दंडांवरून उतरलं. जिथून उतरायला हवं होतं तिथून तोळाभरही नाही. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं अंग कशाला कापून घ्यायचं?" त्यांना काही बोलले नाही, खांद्यावरची खाच दाखवली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पहिलं ठिकाण चकाचक. आधी एक मुलगी टॅबवर फोटो दाखवत बसली, "मॅडम, तुम्हाला कुठला कप हवाय?" मग डॉक्टर आले. सगळी भेट सात-आठ मिनिटांत उरकली. डाग दिसणारसुद्धा नाहीत म्हणाले. पुढच्या आठवड्यात तारीख रिकामी आहे, आज नक्की केलंत तर सवलत. आणि टेप? टेप निघालीच नाही! माप न घेता कापडाला कात्री लावणारी मुलगी माझ्याकडे कामाला असती तर मी तिला काजं-बटणांवर बसवलं असतं. एक स्टार, तोही खुर्च्या बऱ्या होत्या म्हणून.

दुसऱ्या ठिकाणी अडीच तास बसवून ठेवलं. चिडूनच आत गेले. तिथल्या सर्जन मॅडमनी पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं, मग मला सरळ उभं केलं, खांदे सैल सोडायला लावले आणि टेप काढली. गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंत एका बाजूला ३३ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला साडेचौतीस. सर्वसाधारणपणे हे अंतर २१च्या आसपास धरतात म्हणे. मग स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत. "दोन्ही बाजू सारख्या नसतातच," त्या म्हणाल्या. हे मला कोण सांगणार! सव्वीस वर्षांत दोन्हीकडे अगदी एकसारखी बाई मी पाहिलेली नाही.

कपचं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कप सांगता येणार नाही. ग्रॅममध्ये अंदाज सांगते." मला टाळी वाजवावीशी वाटली. एका कंपनीचा डी दुसऱ्या कंपनीत सी होतो, हे धंद्यातल्या माणसालाच कळतं. दर बाजूला सहाशे ते सातशे ग्रॅम निघेल, नेमकं काय ते टेबलावर वजन केल्यावर कळेल. कातडीला आणि स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्याला जेवढं झेपेल तेवढंच काढणार.

मग कागदावर आकृती काढली. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने एक छेद, तिथून सरळ खाली एक, आणि खालच्या घडीत आडवा एक. जहाजाच्या नांगरासारखा आकार. कमी काढायचं असेल तर पुष्कळदा आडवा छेद लागत नाही, नुसतं लॉलीपॉप. माझ्यासाठी नांगरच. ही आखणी वाइज नावाच्या सर्जनने १९५६मध्ये मांडली आणि ती ब्रेसियरच्या पॅटर्नवरून बेतलेली आहे, हेही त्यांनी सांगितलं. मी ती आकृती उलटसुलट करून पाहिली. खरंच, कपाचे दोन भाग आणि मधला टक्स. डॉक्टरांच्या पुस्तकात आमचा धंदा निघाला!

मी बोट ठेवलं ते उभी शिवण आडव्या शिवणीला मिळते तिथे. "इथे उसवतं का हो?" कारण कापडात जिथे शिवणी येऊन मिळतात तिथेच ताण येतो, तिथेच उसवतं. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हो, सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. कातडी ताणलेली असते, रक्त कमी पोहोचतं, जखम थोडी उघडू शकते. बहुतेक वेळा ड्रेसिंग करत राहिलं की भरते, पण वेळ जातो. आणि डाग? राहणार. आधी महिनोन्‌महिने लाल, मग वर्ष-दीड वर्षात फिकट, पण पुसला जाणार नाही. तारीख ठरली ती या वाक्यावर.

स्तनाग्र कापून वेगळं काढतात असं मला वाटायचं. तसं नाही. एका देठावर ते तसंच जोडलेलं ठेवतात आणि देठासकट वर सरकवतात. देठातून रक्त येतं, संवेदनाही. फारच मोठे स्तन असतील तर क्वचित वेगळं काढून पुन्हा बसवावं लागतं, मग तिथली संवेदना जवळपास गेलीच समजायची आणि दूध पाजणंही. देठावर ठेवलं तरी संवेदना कमी होऊ शकते, काहींची कायमची जाते. मी चव्वेचाळीसची, मला दुधाचा प्रश्न नाही. पण सोबत मुलगी होती. एकोणीस वर्षांची, बांधा डिट्टो माझा. तिने खाली बघत विचारलं, "मलाही करता येईल?" मॅडमनी मला बाजूला ठेवून तिच्याशी बोलायला घेतलं. वाढ पूर्ण झालेली हवी, वजन काही काळ स्थिर हवं. पुढे बाळाला दूध कमी पडू शकतं, ते आत्ता कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बाळंतपणात आकार पुन्हा बदलू शकतो. त्रास फार असेल तर थांबलंच पाहिजे असंही नाही, पण हे सगळं माहीत असून ठरव. घरी येताना पोरगी गप्प होती. मीही.

तयारीत मी अडकले ते एका प्रश्नावर. "तंबाखू? कुठल्याही रूपात?" मुलीला बाहेर पाठवलं आणि हो म्हणाले. घरात कुणाला माहीत नव्हतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, मग तो देठ आणि ती शिवणींची जागा उपाशी पडते, कातडी काळी पडू शकते, स्तनाग्र गमावण्याची वेळसुद्धा येऊ शकते. निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद. निकोटिनचं च्युइंगगमसुद्धा नाही. ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. पहिल्या ठिकाणी पुढच्याच आठवड्यात आडवी झाले असते आणि हे कुणी विचारलंही नसतं. आज बंद करून एक्केचाळीस दिवस झाले. पहिले दहा दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते, नवऱ्याला वाटलं ऑपरेशनची भीती.

बाकी तपासण्या रीतसर झाल्या. चाळिशी उलटली म्हणून मॅमोग्राफी, रक्त, ईसीजी, भूलतज्ज्ञांची भेट. काढलेला भाग पॅथॉलॉजीला जाणार. ॲस्पिरिन, काही वेदनाशामकं, व्हिटॅमिन ई आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, त्यामुळे कधी काय थांबवायचं ते लिहून दिलं. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, असं दोनदा बजावलं.

आता तक्रारी. सूचनांचा कागद इतक्या बारीक अक्षरात की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावून वाचावा लागला. त्यात लिहिलंय, रात्री बारानंतर पाणीही नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले होते, जेवण सहा तास आधी बंद, जड असेल तर आठ, आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल. खरं कुठलं? फोन केला तर रिसेप्शनवर, "ताई, कागदावर आहे तेच करा." तिसऱ्या फोनला भूलतज्ज्ञ सापडले. म्हणाले, कागद जुना आहे, मी सांगितलं तेच. मग कागद बदला की!

ऑपरेशननंतरची ब्रा त्यांनी सांगितली तीच आणली. पुढून हुक, तार नाही, पट्ट्या रुंद, इथवर छान. पण खालचं इलॅस्टिक अरुंद आणि टणक, नेमकं घडीतल्या टाक्यांवर येणार. मॅडमना दाखवलं, परवानगी घेतली, उसवलं आणि अडीच इंच रुंद मऊ पट्टी लावली. त्यांनी ती हातात घेऊन आतबाहेर पाहिली आणि विचारलं, आणखी चार शिवून द्याल का. बघू, म्हटलं. सहा आठवडे तर मलाच इस्त्री उचलायची नाहीये.

घरी वरच्या फळीवरचं सगळं कमरेच्या उंचीवर आलंय. उताणं झोपायची सवय व्हावी म्हणून दोन्ही कुशींना उशा लावते. पुढून उघडणारे तीन शर्ट शिवले, बटणं मोठी. गिऱ्हाइकांना पाठीचं दुखणं म्हणून सांगितलंय. खोटं कुठे आहे?

सोमवारी सकाळी भूल द्यायच्या आधी मॅडम मला उभं करून मार्करने आखणी करणार, कारण आडवं झालं की सगळं बाजूला पसरतं. मी आरसा मागितलाय. हो म्हणाल्यात.

दुसऱ्या ठिकाणाला चार स्टार. एक कापलाय तो वाट पाहणं, तो कागद आणि तपासणीच्या खोलीतला पडदा यांसाठी. पडदा शेवटपर्यंत ओढताच येत नाही, बाहेरून जाणाऱ्याला अर्धी बाई दिसते. दोन कड्या कमी आहेत. माझ्याकडे त्याच मापाच्या आहेत, सोमवारच्या पिशवीत टाकून ठेवल्यात.