लोहा ओळीतला दुतोंडी दगड: घरच्या सुरीला आणि शेतावरच्या चाकूला याच्याहून जास्त काही लागत नाही

खूप जण विचारून राहिले की सुरीला धार लावायला नेमकं काय घ्यावं, ऑनलाइन तर दोनशेपासून पाच हजारापर्यंत काहीही दिसते, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. मी घेतला तो नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीतून, हार्डवेअरच्या साध्या दुकानातून, कार्बोरंडमचा दुतोंडी दगड. आठ इंच लांब, दोन इंच रुंद, एक इंच जाड. एक बाजू जाडी, एक बारीक. सुतारकाम करणारे रंध्याच्या पात्याला हाच वापरतात. अडीचशेच्या आसपास मिळाला, आणि स्वयंपाकघरासाठी मी याच्याइतकी कामाची वस्तू इतक्या कमी पैशात दुसरी घेतली नाही.

आधी त्या खाचेत सुरी ओढायच्या शार्पनरबद्दल. बहुतेक घरी तोच असतो. दोन कडक पाती व्ही आकारात बसवलेली असतात, सुरी ओढली की ते लोखंड अक्षरशः खरवडून काढतात, काळा चुरा पडतो तो सुरीचाच असतो. दोन-चार दिवस झकास कापते, मग पुन्हा बोथट, पुन्हा ओढा, असं करत करत पातं निमुळतं होत जाते आणि मुठीजवळ एक खोबण पडते. स्वस्तातल्या सुरीला ठीक आहे, पण चांगल्या सुरीला मी तो हात लावू देणार नाही.

दगडाचं तसं नाही. इथे कोन तुमच्या हातात असतो, आणि सगळं कसब त्या कोनातच आहे. साध्या स्टीलच्या सुरीला एका बाजूनं वीस अंश पुरतात. आता अंश कोण मोजत बसते, तर सोपं बघा, पातं साडेचार सेंटीमीटर रुंद असेल तर सुरीची पाठ दगडापासून साधारण दीड सेंटीमीटर वर राहिली पाहिजे, बस तितकी उचलायची आणि तशीच ठेवायची. कोन बरोबर आहे का हे बघायला धारेवर मार्करनं रेघ मारा आणि दोन घासे द्या. शाई अगदी टोकावरून गेली तर बरोबर, वरच्या अंगाची गेली आणि टोकावर राहिली तर पाठ थोडी अजून उचला.

दगड पाण्यात बुडवून घ्या, ओल्या कपड्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही, आणि सावकाश घासा. करडा चिखल जमतो तो धुवू नका, त्यानंच काम होते. आता महत्त्वाचं. एक बाजू घासत राहायची आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूनं अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेर जाईल असा हलकेच फिरवायचा (धारेच्या लांबीवरून कधीच नाही). एका क्षणाला नखाला अडेल अशी बारीक खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत लागली की ती बाजू झाली, बाजू पलटायची. ही खरखर आलीच नाही तर कितीही घासा, धार लागत नाही, आणि बहुतेक लोकं इथेच कंटाळून सोडतात. दोन्ही बाजू झाल्या की दगडाची बारीक बाजू, हात हलका करत जायचा, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या खरबरीत अंगावर सुरी उलटी, म्हणजे पाठ पुढे ठेवून ओढायची. उरलीसुरली खरखर तिथे निघते.

फरक कशात दिसते सांगू का? सांबारात, म्हणजे कोथिंबिरीत. बोथट सुरीनं सांबार चिरला की तो कापल्या जात नाही, चेंगरतो, पाटावर हिरवं पाणी सुटते आणि थोड्या वेळात कडा काळ्या पडतात. धार असली की कोरडा, मोकळा राहते. आमच्या घरी सांबारवडीचा बेत असला की आई आधी विचारते, सुरी लावली का रे.

आता उणिवा. याची बारीक बाजूही तशी जाडच आहे, जपानी पद्धतीचा हजार नंबरचा (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पाण्याचा दगड मिळतो त्याची सर याला नाही. टमाटर, कांदे, आलू, मटण यांना ही किंचित करकरीत धार उलट चांगली पकडते, पण कागदासारख्या पातळ चकत्या पाहिजे असतील तर तो दुसरा दगड घ्यावाच लागेल. दुसरं, वापरून वापरून मधे खोलगट होते. खरबरीत फरशीवर पाणी आणि रेती टाकून गोल गोल घासला की पुन्हा सपाट. आणि एकदा तेल लावलं की पाणी नीट मुरत नाही, म्हणून पाणी तर पाणी, तेल तर तेल, पहिल्या दिवशी ठरवा. विळीला मात्र दगडच हातात धरून पात्याच्या वळणावरून फिरवा, आणि बोटं मागे ठेवा.

बाहेर न्यायला हा दगड जड पडते. हिवाळ्यात रामटेककडे, खिंडसी तलावाच्या बाजूला शेतावर रोडग्यांचा बेत असला की मी खिशात मावेल अशी डायमंड पट्टी (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली) नेतो. पाणी लागत नाही, वजन नाही, फक्त जोर द्यायचा नाही, दाबलं तर वरचे कण उखडतात. काड्या तासून, मातीत लागून चाकू गेला की पाच-सहा हलके हात आणि काम सुरू. पट्टी विसरली तर चिनी मातीचा कप उलटा करा, बुडाशी जी चकाकी नसलेली गोल कड असते त्यावर चाकू घासा, खरंच चालते. कारची काच अर्धी खाली करून तिची वरची कडही चालते.

आणि आपल्याकडचा खास त्रास, संत्रं. कार्बन स्टीलचा, म्हणजे स्टेनलेस नसलेला, गंज धरणारा चाकू असेल तर संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसानं पातं लगेच काळवंडते, धारही खाते, म्हणून कापल्याबरोबर पुसायचं, घरी येईपर्यंत थांबायचं नाही. पावसाळ्यात पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात, वापरायच्या आधी धुवून घ्यायचं. लाकडी मुठीला जवसाचं तेल, ते वाळून घट्ट बसते. काचेच्या चॉपिंग बोर्डवर कापू नका, कितीही मेहनतीनं लावलेली धार दोन दिवसात जाते, लाकडी पाटच बरा.

दगड घेताना दोन्ही बाजूंवरून नख फिरवून बघा, फरक स्पष्ट लागला पाहिजे. कोपरे झडलेला घेऊ नका, आणि डोळ्यासमोर आडवा धरून वाकडा नाही ना ते बघा, दुकानदार दुसरा काढून देते.