मुक्तेश्वरजवळच्या घराचं छप्पर: आम्ही कसे फसलो

छप्पर दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या एका ठेकेदारापायी आमचे 1,80,000 रुपये गेले. पैसे कधीतरी भरून निघतील. पण सासरच्या घराच्या मुख्य छपरावरच्या सगळ्या जुन्या दगडी लाद्या आणि पुढच्या खोलीची कोरीव खिडकी गेली, ती कुठल्याही बाजारात तशी मिळणार नाही. म्हणून लिहिते आहे. डोंगरात ज्यांचं जुनं घर आहे आणि जे स्वतः दूर राहतात, त्यांनी जरूर वाचा.

मी पुण्याची, सासर उत्तराखंडातल्या कुमाऊँचं. नैनिताल जिल्ह्यात, मुक्तेश्वरच्या अलीकडे, साधारण 2,000 मीटर उंचीवर आमचं गाव. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. मातीत बसवलेल्या दगडी भिंती, खाली गुरांचा गोठ, वर चाख म्हणजे पुढची बसायची खोली, आणि छपराला पाथर. पाथर म्हणजे स्लेटच्या दगडी लाद्या. त्यांच्याखाली फळ्या आणि मातीचा थर असतो, त्यामुळे घरात ऊब टिकते. सासूबाईंना आम्ही सगळे ईजा म्हणतो. त्या तिथे बारा महिने एकट्या राहतात.

ऑक्टोबर 2021 मध्ये मुक्तेश्वरला एका दिवसात 340.8 मिलिमीटर पाऊस पडला. तिथे 1897 पासून नोंदी ठेवतात, त्यांतला हा सर्वात मोठा. पायथ्याच्या काठगोदाम स्टेशनजवळ गौला नदीने रुळांखालची जमीन वाहून नेली. आमचा फोन चौथ्या दिवशी लागला. ईजा सुखरूप होत्या, पण मागच्या बाजूचे दोन वासे वाकले होते, पाथर सरकले होते आणि चाखेत पाणी शिरलं होतं.

दिवाळी उरकून आम्ही पोहोचलो. पहाडात पाऊस थांबला की डिसेंबर लागेपर्यंत कामाला जेमतेम दीड महिना मिळतो. मग रात्री पाणी गोठू लागतं, माती वाळत नाही, सिमेंट धरत नाही. त्या वर्षी प्रत्येक गावात कुणाची ना कुणाची भिंत पडलेली, मिस्त्री शोधून सापडेना. अशात एक ठेकेदार आपणहून अंगणात आला. ईजांच्या पाया पडला, त्यांच्याशी कुमाऊँनीत बोलला. शेजारच्या गावातली वडीलधारी माणसं त्याला नावानिशी ठाऊक होती. मला म्हणाला, "भाभीजी, बर्फ गिरने से पहले घर बंद करके दूँगा." त्याच दिवशी आम्ही त्याला 60,000 दिले. लेखी काही घेतलं नाही, कारण आमचं सगळं लक्ष थंडीकडे होतं.

छपरावर चढून त्याने सांगितलं की सगळं लाकूड कुजलंय, आखं छप्पर उतरवावं लागेल. बदलायला हवे होते ते दोनच वासे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ओळखीने देवदार स्वस्तात आणतो म्हणाला, तेव्हाच थांबायला हवं होतं. तिथल्या पहाडात 1,000 मीटरच्या वर हिरवं झाड तोडायला 1981 मध्ये बंदी आली. कायदेशीर देवदार मिळतो तो बहुतेक सरकारी वन निगमाच्या डेपोतून, पडलेल्या किंवा वाळलेल्या झाडांचा. तो महाग असतो आणि त्याच्यासोबत रवन्ना, म्हणजे वाहतुकीचा परवाना असतो. आम्ही ना पावती मागितली ना रवन्ना.

सुट्टी संपली, आम्ही पुण्याला परतलो. दर चार दिवसांनी फोटो यायचे: रचलेलं लाकूड, रंधा मारणारा सुतार, नवे वासे. पुढचे दोन हप्ते आम्ही ते फोटो बघूनच पाठवले. एकाही फोटोत आमचं अंगण, आमचं अक्रोडाचं झाड दिसत नव्हतं, हे आमच्या ध्यानातही आलं नाही.

मला सगळ्यात जास्त खुपते ती पुढची गोष्ट. एका संध्याकाळी ईजांचा फोन आला. "गाडी आली होती, पाथर नेले. खिडकीही काढून नेली." नवऱ्याने ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, पाथर तासून आणतो, खिडकीला पॉलिश करतो. आम्ही उलट ईजांनाच समजावलं की त्याला काम करू द्या, मध्ये पडू नका. त्या गप्प बसल्या. त्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला बरोबर कळलं होतं आणि आम्ही तिचं ऐकलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर त्याचा फोन बंद झाला. आम्ही मिळेल त्या गाडीने गेलो. घरावर पातळ पत्रा होता. खिडकीच्या जागी प्लायवूड ठोकलेलं. पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या सुताराने एका वाशावर वाकस मारला आणि वास घेऊन म्हणाला, हा चीड आहे, वरून रंग दिलाय. चीड म्हणजे पाइन. रस्त्याकडेच्या ज्या झाडांना चिरा पाडून लीसा, म्हणजे राळ, गोळा करतात तेच. देवदाराला स्वतःचा तेलकट सुगंध असतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. हे लाकूड तर ओलंच होतं, गाठींनी भरलेलं.

पत्र्याखाली ती थंडी वाईट गेली. रात्रभराची वाफ पत्र्याला आतून धरायची आणि पहाटे अंथरुणावर टपटपायची. फटी बुजवायला आम्ही प्लास्टिक लावलं आणि आत सगड, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवली. दुसऱ्या रात्री ईजांचं डोकं भयंकर दुखायला लागलं, उलटी झाली. शेजारणीने येऊन आधी दार उघडलं. बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने माणूस झोपेतच जाऊ शकतो. फसवणुकीत ईजाही गेल्या असत्या, हे मी विसरू शकत नाही.

तक्रार द्यायला चौकीवर गेलो, तर कळलं की आमचं गाव तेव्हा नेहमीच्या पोलिसांकडे नव्हतं, राजस्व म्हणजे महसूल पोलिसांकडे होतं, म्हणजे तक्रार पटवारी (आपल्याकडचा तलाठी) घ्यायचा. त्याने ती नोंदवून घेतली आणि विचारलं, पाथर किती होते? खिडकीचा फोटो? ठरलेल्या कामाचा कागद? यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. स्वतःच्या घरावर किती पाथर आहेत ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच सुताराकडून थोडं थोडं काम करून घेतलं. त्याने लाकूड आधी अंगणात आणून टाकलं, मग पैसे घेतले. नवरा महिनाभर रजा घेऊन तिथेच राहिला. गोठावरच्या उतरत्या छपराचे जुने पाथर उतरवताना प्रत्येकावर खडूने आकडा घातला, सगळ्यांचे फोटो काढले, आणि एकही अंगणाबाहेर जाऊ दिला नाही. कुणी "तासून आणतो" म्हणालं तर तासणाऱ्यालाच घरी बोलवा.

आणखी एक विनंती, विकत घेणाऱ्यांना. आपल्याकडचे बरेच जण आता कुमाऊँत, हिमाचलात कॉटेज बांधतात, होमस्टे काढतात. जुने, रंग उतरलेले पाथर आणि लिखाई केलेल्या, म्हणजे कोरीव, चौकटी त्यांना हव्या असतात. कुणी विकायला आणल्या तर कुठल्या गावातल्या, कुणाच्या घरातल्या, एवढं विचारा आणि त्या घरी एक फोन करा. आमच्या खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक मोर आहे. त्याची चोच तुटलेली आहे, नवऱ्याने सहा-सात वर्षांचा असताना दगडाने तोडली होती. तो मोर कुठे दिसला, तर कृपा करून मला कळवा.