गिरणगावचा एक दिवस: भोंगा फसला पण खानावळीने तारलं

परवाच्या रविवारी लालबाग-परळ भागात गिरणगावच्या, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या भागाच्या, इतिहासावर आणि संस्कृतीवर दिवसभराचा कार्यक्रम होता, बाबांना घेऊन गेलेलो. पुढच्या वेळी कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. बाबा गिरणीत साचेखात्यात (मागांवर कापड विणायचं खातं) होते, दोन वर्षं बदली कामगार, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, मग परमनंट, आणि मग ८२ चा संप आला. आम्ही आता नालासोपाऱ्याला असतो, त्यामुळे पहाटेच निघालो, कारण पत्रकावर लिहिलेलं की बरोबर ७ वाजता भोंगा, म्हणजे गिरणीची पाळी सांगणारा तो मोठा आवाज, होणार.

भोंगा झाला पण तो स्पीकरवरचा. काय रेकॉर्डिंग लावलेलं देव जाणे, पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले "अरे ही तर विरार फास्ट आली" आणि सगळा मंडप हसला. खरी मजा त्यानंतर आली, बाजूच्या एक मावशी सांगायला लागल्या की प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज वेगळा असायचा, घरात चुलीपुढे बसून कळायचं की कुठली पाळी सुटली, आता चहा ठेवायला हरकत नाही. हे त्यांना स्टेजवर बोलवून माइकवर सांगायला लावलं असतं तर? पण नाही, स्टेजवर तेव्हा सत्कार चालू होते. एकूण नऊ सत्कार, मी मोजले.

हेरिटेज वॉकचे १०० रुपये घेतात, चिंचपोकळी स्टेशनपासून सुरू होतो, दोन तास. एक कॉलेजची मुलगी आणि तिच्यासोबत एक रिटायर्ड कामगार अशी जोडी होती. मुलीची तयारी चांगली होती, उगाच पाठ केलेलं वाटत नव्हतं. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली तिथून सुरुवात करून ती नारायण मेघाजी लोखंड्यांवर आली आणि म्हणाली, आज रविवार आहे, तुम्ही सगळे सुट्टी आहे म्हणून इथे आलायत ना, ती सुट्टी गिरणी कामगारांना १० जून १८९० ला मिळाली ती या माणसाच्या लढ्यामुळे. मला लोखंड्यांचं नाव माहीत होतं पण हे असं डोक्यात कधी बसलं नव्हतं. गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागच्या राजाचा १९३४ चा, पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर कोळणींनी आणि विक्रेत्यांनी केलेला नवस, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक होती तरी लोक परत ऐकत होते.

पण खरा वॉक त्या काकांचा होता. एका टॉवरच्या कंपाउंडात गिरणीची जुनी चिमणी तेवढी उभी आहे, तिथे थांबले आणि हाताने हवेत दाखवायला लागले, इथे गेट, इथे कापूस उतरायचा, ते स्विमिंग पूल दिसतंय ना तिथे आमचं खातं. सिक्युरिटीवाला बघतोय की हे चाललंय काय. प्रॉब्लेम एवढाच की चाळीस लोकांना एक काका आणि माइक नाही, मागच्यांना घंटा काही ऐकू येत नव्हतं. बाबा धक्के मारत पुढे गेले म्हणून ठीक. दोघांची गिरणी वेगळी पण धोट्यावरून (मागावर आडवा धागा नेणारा), जॉबरवरून (कामगारांवरचा मुकादम) अशी काही जुंपली की आम्हाला पुढे ओढत न्यावं लागलं.

प्रदर्शनाचं मात्र मन लावून केलं असं वाटलं नाही. फोटो मोठे, छपाई सुंदर, मजकूर भलताच गुळगुळीत. एका बोर्डावर चक्क लिहिलेलं की १९८२ चा संप वर्षभराने मिटला. तिथे एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मिटला कुठे, अजून मागे घेतलेलाच नाय." बरोबरच आहे की, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. संपावर अख्खा एक बोर्ड, आणि त्यात चूक. पुढच्या चार बोर्डांवर स्कायलाइन.

चाळीतली खोली म्हणून एक सेट उभा केलेला, सेल्फीला तुफान गर्दी. पितळी डबे, कंदील, एक खाट, भिंतीवर फोटो, सगळं कसं टापटीप. अहो पण बाबा ज्या गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, खोलीत राहायचे तिथे वीस-बावीस माणसं होती, पाळीपाळीने झोपायची, रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची. भिंतीला लागून कुलूपबंद ट्रंका आणि डोक्यावर वाळत घातलेले कपडे, एवढंच. खाट कुठून आली तिथे! सेट बनवणाऱ्याने आजूबाजूला कुणाला तरी विचारायचं ना, अर्धा लालबाग मंडपात बसलेला होता.

आता खानावळ. इथे मी पूर्ण मार्क देतो. गावाहून एकटे आलेले कामगार खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचे आणि त्या खानावळी बाया चालवायच्या, घरातल्या घरात, एका स्टोव्हवर दहा-पंधरा जणांचं. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ती माहिती एका साध्या पुठ्ठ्यावर हाताने लिहून लावलेली, आणि अख्ख्या कार्यक्रमातला तोच सगळ्यात चांगला बोर्ड. जेवण १५० रुपये. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, सुकटीची चटणी, भात, सोलकढी. उसळीचं वाटण असं खमंग की मी भाकरी परत मागितली आणि वाढणाऱ्या काकूंनी जास्तीचे पैसे घेतले नाहीत, वर "पोटाला कमी पडलं तर सांग रे" म्हणाल्या. त्यातल्या एकींच्या सासूबाईंची खरोखर खानावळ होती, कोण उधार ठेवून गावी पळाला ते त्यांना अजून नावानिशी पाठ! संपाच्या काळात पैसे येत नव्हते तरी जेवण बंद केलं नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. फक्त प्लास्टिकचे डबे नको होते, आणि हा स्टॉल पार मागे टॉयलेटच्या बाजूला लावायची कल्पना ज्याची असेल त्याला कोपरापासून नमस्कार. दीड वाजता जेवण संपलंसुद्धा, तेव्हा साडेबाराला रांगेत लागा.

संध्याकाळचं फार सांगण्यासारखं नाही. डबलबारी भजन (दोन बुवांचा सामना) ठेवलेलं पण वीस मिनिटांत गुंडाळलं, बुवांचा आवाज लागतोय तोवर घड्याळ दाखवलं. कोकणातला बाल्या नाच मस्त झाला, मग डीजे आला, आम्ही उठलो.

पाचापैकी साडेतीन. वॉक आणि जेवण यासाठी नक्की जा, सत्कारांच्या वेळी मसाला गल्लीत चक्कर मारा, आम्ही तेच केलं, किलोभर मालवणी मसाला घेतला. निघताना स्टेशनवर वॉकवाले काका परत भेटले. आता गिरणी कामगारांसाठीच्या शेलू-वांगणीच्या घरांचं काय यावर त्यांची आणि बाबांची सुरू झाली, तीन गाड्या सोडल्या आम्ही.