क्रीम, ग्रेज की फिका ग्रे? हॉलसाठी कुठला घ्यायचा

शेड कार्डावर हे तिन्ही जवळपास एकच वाटतात, भिंतीवर चढले की मात्र खरं कळतंय. न्यूट्रल म्हटलं तरी आत एक रंग लपलेला असतोच, क्रीममध्ये पिवळा, फिक्या ग्रेमध्ये बहुतेक वेळा निळा, आणि ग्रेज म्हणजे ग्रे-बेजचं मिक्स असल्यानं त्यात कधी हिरवट तर कधी गुलाबी झाक. ओळखायचं कसं, तर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा, लगेच उघडं पडतंय.

आता आपल्याकडचा, म्हणजे कोल्हापुरातला उजेड. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतलं बोळातलं घर असेल आणि हॉलला एकच खिडकी, तीपण उत्तरेची, तर फिका ग्रे नकोच. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतंय, त्यात पांढरी 6500 केल्विनची ट्यूब लावली की भिंत पुट्टी मारून काम अर्धवट सोडल्यासारखी दिसते. तिथं क्रीमच. पण पश्चिमेची खिडकी असेल तर उलटं, संध्याकाळच्या उन्हात क्रीम चांगलंच पिवळं होतं, वर 3000 केल्विनचे वॉर्म एलईडी असतील तर विचारूच नका. अशा हॉलला ग्रेज किंवा ग्रे झकास.

ग्रेजची गंमत फरशीत आहे, आणि हे पेंटर सांगत नाही, तो "ऑफ-व्हाइट मारा की, कुठंबी चालतंय" म्हणून मोकळा. खाली हिरवट कोटा असेल तर हिरव्या झाकेचा ग्रेज अजून हिरवा दिसतो. जुना लाल कोबा असेल आणि दारातून ऊन आत येत असेल तर स्कर्टिंगच्या वरची फूटभर भिंत गुलाबी मारते, वरची मात्र तशीच. व्हिट्रिफाइड पांढऱ्या टाइल्सवर हा त्रास कमी.

कार्डाच्या मागं किंवा कंपनीच्या साइटवर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, मिळाला तर बघा, काळा 0 आणि पांढरा 100. अंधाऱ्या खोलीला 70 च्या वरचंच घ्या.

सॅम्पलचा छोटा डबा आणून जाड पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, वाळू द्या, मग सकाळी, चार वाजता आणि ट्यूब लावल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर धरा. जुन्या पोपटी भिंतीवर थेट पट्टा मारून ठरवू नका, शेजारचा पोपटी डोळ्याला फसवतो.

फिनिश मॅटच बरं, शीनमध्ये, म्हणजे चकाकणाऱ्या फिनिशमध्ये, जुन्या भिंतीचे उंचवटे सगळे दिसतात.

माझं विचाराल तर पेठेतल्या घराला क्रीम, पण कमी पिवळं, आणि छताला एकदम शुभ्र पांढरा नको, त्याच्याशेजारी क्रीम अजूनच पिवळं दिसतंय.