मैत्री भावना, परित्राण की तारा साधना? नागपुरातल्या नव्या साधकासाठी

विहारात वंदना संपली की तरुण मुलंमुली घुटमळतात आणि हळूच विचारतात, "ताई, मनात सारखी धास्ती असते. मैत्री भावना करू, परित्राण म्हणू, की 'ॐ तारे'चा जप करू?" मी या तिन्ही वाटांनी थोडी थोडी चालले आहे, म्हणून अनुभवाचं लिहिते.

आधी बावीस प्रतिज्ञांचं बोलू. नागपुरात त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आजी-आजोबांनी बाबासाहेबांसोबत देवदेवतांची पूजा सोडली. मग 'ॐ तारे' जपातली तारा आणि करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर परत समोर कशाला आणायचे? ही शंका रास्त आहे. वज्रयानात, म्हणजे तिबेटी लोकांत चालणाऱ्या मंत्र-ध्यानाच्या बौद्ध मार्गात, तारा ही जग निर्माण करणारी किंवा नवसाला पावणारी देवी नाही. साधक शून्यतेच्या, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं अस्तित्व नाही या जाणिवेच्या, चिंतनातून तिचं रूप मनात उभं करतो, जप करतो आणि शेवटी ते रूप पुन्हा शून्यतेत विरघळू देतो. हे विरघळणं गाळलं तर साधना अर्धीच राहते. तारेसमोर नारळ फोडून नवस बोलायचा असेल, तर दीक्षाभूमीवर खाली ठेवलेलं ओझं आपण पुन्हा उचललं. एवढं समजूनही मन कचरत असेल तर ही वाट खुशाल सोडा. मैत्री भावनेत काही कमी नाही.

परित्राण, म्हणजे रक्षणासाठी म्हटलेला सुत्तांचा (बुद्धवचनांचा) पाठ, आपल्या घराघरांत आहे. पाण्याने भरलेल्या मडक्याला पांढरा धागा गुंडाळतात. बुद्धमूर्तीपासून निघालेला तो धागा भंतेजींच्या बोटांतून आई, काकू, शेजारची म्हातारी असा प्रत्येकाच्या ओंजळीतून फिरतो. लहान पोरं तो ओढून बघतात, मोठी माणसं डोळे वटारतात. पाठ संपला की त्याचाच तुकडा मनगटावर येतो. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई पसरली तेव्हा रतन सुत्त म्हटलं गेलं, अशी परंपरा आहे. त्यात पुन्हा पुन्हा येतं, 'एतेन सच्चेन सुवत्थि होतु', म्हणजे या सत्याने कल्याण होवो. रक्षण मागायचं ते सत्याच्या बळावर. धाग्यात वेगळी जादू शोधू नये. घरात आजारपण असेल, सगळ्यांचाच धीर सुटला असेल, तेव्हा मी परित्राणच सांगते, कारण इथे कुणी एकटं बसत नाही. औषधपाणी मात्र चालूच ठेवायचं.

मैत्री भावनेला काहीच सामान लागत नाही. आधी स्वतःसाठी, मग जिवलग मित्रासाठी, मग ओळखदेख असलेल्या एखाद्या माणसासाठी, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासाठी आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांसाठी मंगल चिंतायचं. करणीय मेत्त सुत्ताची कथाही भीतीचीच आहे. रानात वृक्षदेवतांनी घाबरवलेले भिक्खू बुद्धांकडे परत आले, आणि त्यांना हत्यार म्हणून मैत्री मिळाली. चौथी पायरी जड जाते. माझ्या वडिलांच्या आजारपणात एका नातेवाइकाने पाठ फिरवली होती. त्याचं नाव मनात आलं की माझा जबडा आवळायचा. कितीतरी महिने मी तिथेच अडकले. पण रात्रीची धडधड कमी झाली ती त्याच महिन्यांत. आपण ज्याला भीती म्हणतो त्यात राग किती असतो, हे मला तिथे दिसलं.

आता मंत्र. 'ॐ मणि पद्मे हुं' हा अवलोकितेश्वराचा, करुणेचा. 'ॐ तारे तुत्तारे तुरे स्वाहा' हा हरित तारेचा, भयातून सोडवणारा. तारेचं रूप नीट बघा. डावा पाय आसनावर दुमडलेला, उजवा खाली सोडलेला, म्हणजे हाक आली की उठायला तयार. हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी आजींना मी बघायचे. गिऱ्हाईक भाव करत असतानाही त्यांचा अंगठा १०८ मण्यांच्या माळेवर सरकत असे. जप असा दिवसभरात मुरतो.

हे सगळं परकं, असं म्हणणाऱ्यांनी छत्रपती संभाजीनगरजवळची औरंगाबाद लेणी बघावीत. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आग, फुटणारी नाव, सिंह, हत्ती अशी संकटं आणि त्यांत सापडलेली माणसं कोरली आहेत. आपल्याच दगडातली ही भीती आहे. आणि बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी नागपुरात शोकसभांतून लोकांना धीर देणाऱ्या इंग्रज भिक्खू संघरक्षितांनी पुढच्याच वर्षी हरित तारेची साधना घेतली. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदल्या.

साधा जप कुणीही करावा. पण स्वतःला देवतारूपात पाहण्याची पूर्ण साधना गुरूकडून अभिषेक, म्हणजे त्या साधनेची रीतसर दीक्षा, घेऊनच करावी. वज्रयानातल्या महाकालासारखी उग्र रक्षक रूपं मोबाईलवर बघून तर मुळीच सुरू करू नका. घाबरलेल्या मनाला ती आणखी घाबरवू शकतात. ताबीज देऊन हजारो रुपये मागणाऱ्यापासून लांब राहा.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहारामुळे 'नम म्योहो रेंगे क्यो' आपल्या कानांवर आहे. ते सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन आहे, त्यात देवतेचं ध्यान नाही. सामूहिक घोषात मन रमत असेल तर तेही चालेल.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाणार असाल तर जप, माळ, धागा सगळं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागतं. तिथे मैत्री शिकवतात ती दहाव्या दिवशी. म्हणून जप नुकताच सुरू केला असेल तर आधी शिबिर करून या, मग जपाला बसा.

माझ्याकडे आलेल्याला मी सहा महिने रोज वीस मिनिटं मैत्री भावना सांगते, आणि पौर्णिमेला विहारात परित्राण. त्यानंतरही मनाला रूपाची ओढ असेल तर तारा. ज्याला चित्र डोळ्यांसमोर आणणं सहज जमतं, त्याला ती लवकर भावते. ज्याला जमत नाही त्याने नुसता मंत्र म्हणावा, सकाळी पाण्याचा नळ यायच्या आधी, घर शांत असताना.