मेलकाऊ: नऊ मेलबॉक्स आणि अकरा महिन्यांनंतर

माझ्या मेव्हण्याचं सांगलीत ऑफसेट प्रेस आहे. मागच्या वर्षी मेल सेवेच्या नूतनीकरणाचं बिल आलं तेव्हा त्याचा फोन आला, "दाजी, सहा जणांच्या मेलचं एवढं बिल असतंय व्हय? तुम्ही कॉम्प्युटरवाले, बघा की कायतरी." बघितलं. प्रेसचे सहा आणि आमच्या घरचे तीन असे नऊ मेलबॉक्स गेले अकरा महिने मी भाड्याच्या एका सर्व्हरवर मेलकाऊ (स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून चालवतोय. पैसे वाचले, यात शंका नाही. माझे किती रविवार गेले, ते मात्र त्याला अजून सांगितलेलं नाही.

मेलकाऊ म्हणजे मेलच्या सॉफ्टवेअरमधली जुनीच, मुरलेली मंडळी डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येकाला आपापला बंद डबा (कंटेनर) देऊन, एकत्र नांदवलेली. पोस्टफिक्स मेल आणतो-पोचवतो, डव्हकॉट साठवतो, आरस्पॅमडी स्पॅम गाळतो, सोगोमुळे ब्राउझरमध्ये मेल आणि कॅलेंडर दिसतं. असे पंधराहून जास्त कंटेनर एका कंपोज फाईलवर, म्हणजे कुठला डबा कसा चालवायचा याच्या यादीवर, उभे राहतात. बसवायला खरंच अर्धा तास लागला. गिटवरून कोड उतरवायचा, कॉन्फिग बनवणारी स्क्रिप्ट चालवायची (ती होस्टनेम आणि टाइमझोन विचारते), कंटेनरच्या इमेज (तयार साचे) उतरेपर्यंत चहा घ्यायचा. रॅम किमान ६ जीबी घ्या म्हणतात. मी शहाणपणा करून ४ घेतली आणि क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा बंद ठेवला, कारण तो एकटाच एक जीबीच्या वर खातो. तीन महिन्यांत मुकाट ८ जीबीवर गेलो.

त्या पहिल्या संध्याकाळी वाटलं, लोक उगाच बाऊ करतात. कंटेनरच्या आतलं सगळं तयार मिळतं हे खरं. पण मेल पोचणार की नाही, हे बाहेर ठरतं.

घरच्या ब्रॉडबँडचा विचार करूच नका. आयपी (नेटवरचा पत्ता) बदलता असतो, कित्येकदा तो शेकडो घरांत वाटलेला असतो, आणि असे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाऊस या संस्थेच्या अडवायच्या पत्त्यांच्या यादीत आधीपासून असतात. सर्व्हर भाड्याने घेतला तर २५ नंबरचं पोर्ट (मेल बाहेर जायची वाट) बंद मिळालं; काय पाठवणार, किती पाठवणार, हे तिकिटावर लिहून दिल्यावर दोन दिवसांनी उघडलं. पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) सर्व्हरवाल्याच्या पॅनेलमधून लावायचा असतो, डोमेनवाल्याकडून नाही, हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं. आयपीव्ही६ चा (नव्या, लांब धाटणीच्या आयपीचा) पीटीआर लावायचा राहिला होता, त्यामुळे जीमेलकडून मेल परत यायचे. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, २०४८ बिटांची किल्ली डीएनएस या डोमेनच्या नोंदवहीतल्या एका तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही, ती तुकडे करून लिहावी लागते; डोमेनच्या पॅनेलने ती मुकाट्याने कापली होती. हे सापडलं मेलकाऊच्याच डीएनएस तपासणीच्या पानावर. तिथे हवा असलेला रेकॉर्ड आणि प्रत्यक्षातला रेकॉर्ड शेजारी शेजारी दिसतात. अख्ख्या पॅनेलमध्ये मला सर्वांत आवडलेलं पान हेच.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. एसपीएफ (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून येतील याची नोंद) किंवा डीकेआयएम सगळ्यांनाच लागतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्हीसोबत डीमार्कही (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आम्ही दिवसाला चाळीसही पाठवत नाही, तरी मी तिन्ही लावलं. तरीसुद्धा पहिले दीड महिना कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडत होती. आयपी आमचा नवा, पण त्या आयपीवर आधी कोण नांदून गेलं होतं देव जाणे. त्या काळात जाणारे मेल एका रिलेमार्फत, म्हणजे पैसे घेऊन मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत, सोडले आणि थेट पाठवणं हळूहळू वाढवलं. आता बहुतेक ठिकाणी नीट पोचतात. एक मोठी मेल सेवा मात्र अजूनही मनात येईल तेव्हा अडवते; तिच्यापुरता रिले मी कायमचा ठेवलाय.

येणाऱ्या मेलबद्दल तक्रार नाही, एक प्रसंग सोडून. बाबा बँकेच्या साइटवर, मी ऑफिसात, आणि फोनवर "अरे, ओटीपी येईना." दहा मिनिटांनी आला, तोवर मुदत संपलेली. पुन्हा मागवला, पुन्हा तेच. कारण ग्रेलिस्टिंग. थोडा संशयास्पद वाटणारा मेल सर्व्हर पहिल्या खेपेला "नंतर या" म्हणून परत पाठवतो. खरा पाठवणारा पुन्हा येतो, स्पॅमवाला सहसा येत नाही. कल्पना छान, पण ओटीपीला थांबायला वेळ नसतो. बाबांच्या मेलबॉक्सपुरतं ते बंद केलं. स्पॅम मात्र आरस्पॅमडी शिकेल तसा कमी होतो. जंकमध्ये टाकलेल्या प्रत्येक मेलवरून तो धडा घेतो, पण चांगले आणि वाईट दोन्हींचे पुरेसे नमुने मिळाल्याशिवाय त्याचं शक्यतांचं (बेझियन) गणित बोलायलाच लागत नाही. म्हणून मी जुना कचरा मुद्दाम जपून ठेवला होता.

आता खरी घाम फोडणारी गोष्ट. मी रोज रात्री मेलचा व्हॉल्यूम (डॉकरचा साठवणीचा कप्पा) आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने घरच्या डिस्कवर उतरवत होतो. पाच महिने. मग एका रविवारी जुन्या लॅपटॉपवर मेलकाऊ बसवून ती कॉपी परत चढवून बघितली. फोल्डर दिसले, मेल उघडेना. एक फाईल सरळ टर्मिनलवर उघडली तर सुरुवातीला मोठ्या अक्षरांत 'क्रिप्टेड' आणि पुढे नुसता गाळ. मेलकाऊ डिस्कवर मेल कूटबद्ध करून ठेवतो आणि त्याच्या किल्ल्या वेगळ्या व्हॉल्यूममध्ये असतात, जो मी कधी उचललाच नव्हता. त्या पाच महिन्यांत सर्व्हर गेला असता तर माझ्याकडे प्रेसचा सगळा पत्रव्यवहार असता, वाचता न येणारा. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. तेव्हापासून मेलकाऊसोबत येणारी बॅकअपची स्क्रिप्ट 'ऑल' (सगळं) लावून चालवतो, तिचं गाठोडं बोर्ग या बॅकअपच्या साधनाने बाहेर नेतो, आणि किल्ल्यांचा एक पेनड्राइव्ह कपाटात सोन्याच्या पावत्यांशेजारी आहे. दर तीन महिन्यांनी लॅपटॉपवर परत चढवून एक तरी मेल वाचून बघतो.

एका सोमवारी अख्ख्या प्रेसचा मेल बंद. कुणीतरी पासवर्ड बदलला होता आणि जुन्या पीसीवरचं आउटलुक जुनाच पासवर्ड ठोकत बसलं होतं. सर्व्हरने हल्ला समजून आयपी अडवला, आणि ऑफिसचा आयपी सगळ्यांचा एकच. प्रेसचा आयपी स्थिर आहे, म्हणून तो सूट दिलेल्या यादीत टाकला.

अपडेट महिन्यातून एकदा, एका स्क्रिप्टने. पाच-सात मिनिटं सेवा बंद असते आणि त्याची काळजी करायचं कारण नाही. समोरचे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्स तर मुळात पाच दिवस सोडत नाही. अपडेटनंतर जुन्या इमेज मात्र साफ करा, डिस्क कधी भरते कळत नाही. सुरक्षित जोडणीच्या सर्टिफिकेटकडे मी अकरा महिन्यांत एकदाही बघितलेलं नाही; ८० नंबरचं पोर्ट उघडं असलं की ते आपोआप नवं होतं.

प्रेसवाल्यांसाठी एक सूचना. मेलमध्ये फाईल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून समोरच्याची मर्यादा २५ एमबी असेल तर २० एमबीची पीडीएफसुद्धा अडकते. आपल्याकडची मर्यादा वाढवून उपयोग नाही. मेव्हण्याला लिंक पाठवायला शिकवताना जेवढा वेळ गेला, तेवढा डीकेआयएमलाही गेला नाही.

घ्यावं का? लिनक्सशी रोजची ओळख असेल आणि दहा-वीस मेलबॉक्स असतील तर जरूर. फक्त स्वतःच्या एका पत्त्यासाठी नको, हिशोब बसत नाही. दुसऱ्याच्या धंद्याचे मेल अंगावर घेत असाल तर आपण गावाला गेल्यावर कोण बघणार, हे आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. कोकणात हर्णैच्या बंदरावर उभा राहून फोनवरून कंटेनर रीस्टार्ट केलाय.

आणि हो, डोमेनचं लॉगिन आणि वॉचडॉगच्या (मेलकाऊच्या आतल्या पहारेकऱ्याच्या) सूचना याच सर्व्हरवरच्या पत्त्यावर ठेवू नका. सर्व्हर पडल्याची बातमी पडलेल्या सर्व्हरवर कशी येणार? त्यासाठी मी बाहेर एक मेलबॉक्स भाड्यानेच ठेवलाय. मेव्हण्याला हेही सांगितलेलं नाही.