अलार्म 'बॅटरी लो' म्हणतोय: तसलीच नवी टाकायची, लिथियम घ्यायची, की सिस्टिमच बदलायची?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दोन दिवस आधी मावशीनं अमळनेरचं घर कुलूपबंद केलं आणि दुपारच्या गाडीनं आमच्याकडे जळगावला आली. त्याच रात्री दोनच्या सुमाराला काकांच्या मोबाइलवर घरातल्या चोरी-अलार्मचा मेसेज आला: 'लो बॅटरी'. त्यानंतर मेसेज आला नाही, कारण पहाटेपर्यंत पॅनल, म्हणजे अलार्म चालवणारा मुख्य भाग, बंद पडलं होतं. पाच दिवसांनी दोघं घरी परतले, लाइट चालू केली, तसं ते पुन्हा जिवंत झालं आणि दर मिनिटाला टुकटुक करत बसलं. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन, "भाऊ, हाई रातभर बोंबली ऱ्हायनं."

आता सल्ले. अलार्म बसवणारा म्हणाला, सिस्टिम जुनी झाली, नवी वायफायवाली घ्या. पुण्याहून तिच्या मुलानं लिथियम बॅटरीची लिंक पाठवली. काकांचं म्हणणं, होती तसलीच आणा आणि विषय संपवा. मी म्हणालो, अलार्म इन्व्हर्टरवर घ्या. गंमत म्हणजे चारही सल्ले कुठल्या ना कुठल्या घरात बरोबर आहेत. तुमचं घर त्यातलं कुठलं, हे ठरवायला पुढचं उपयोगी पडावं.

आधी ओरडतंय कोण ते बघा

हे सांगायला नको असं वाटतं, पण मी स्वतः एकदा अर्धा तास अलार्मचं पॅनल उघडून बसलो होतो आणि टुकटुक इन्व्हर्टरची निघाली. राउटरचा छोटा यूपीएसही असाच ओरडतो. आवाज पॅनलचाच असेल, तर पॅनलवर झोनचा नंबर दिसतोय का पाहा. नंबर असेल तर त्या दाराच्या किंवा खोलीच्या सेन्सरमधला सेल संपत आलाय. नंबर नसेल आणि नुसतं बॅटरीचं चिन्ह असेल, तर पॅनलच्या पेटीतली मोठी बॅटरी. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे औषधोपचारही वेगळे.

पेटीतली बॅटरी: मेली की उपाशी?

जुन्या, वायर टाकलेल्या बहुतेक पॅनलमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप) सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. विटेपेक्षा थोडी लहान, दोन-सव्वादोन किलोची. लाइट असताना पॅनल तिला चार्ज करत राहतं, लाइट गेली की ती पॅनल चालवते.

शंभर-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर इथं पुरतो. लाइट चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या खालीच अडकलं असेल तर बॅटरीची वायर काढून मोकळ्या वायरवर बघा. तिथंही तेवढंच आलं तर दोष चार्जिंगचा: अ‍ॅडाप्टर, ट्रान्सफॉर्मर, उडालेला फ्यूज किंवा हिरवी पडलेली क्लिप. काही पॅनल बॅटरी जोडल्याशिवाय तिथं व्होल्टेज देतच नाहीत, हे लक्षात ठेवा. चार्जिंग ठीक असेल तर पॅनलचा प्लग काढा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. साडेबाराच्या आसपास टिकली तर बॅटरीत जीव आहे. मावशीची दहा मिनिटांत ११.४ वर आली. म्हणजे मेलेली.

पण मोजायची घाई करू नका. लांब लोडशेडिंगनंतर बॅटरी खरोखरच रिकामी असते आणि पॅनल खरंच बोलत असतं. अनेक पॅनल चार्जिंगला ३५० मिलीअँपिअरच्या आसपासच करंट देतात, म्हणजे रिकामी ७ एएच भरायला वीस-बावीस तास. लाइट आल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या. चोवीस तासांनीही टुकटुक चालूच असेल, तर मग बॅटरीवर संशय घ्या.

खान्देशात बॅटरी चार वर्षं का टिकत नाही

कंपनी ३ ते ५ वर्षं म्हणते, ते २५ अंश तापमान धरून. लेड-अ‍ॅसिडचा ठोकळ नियम असा, की दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. आता जळगाव-भुसावळचा मे आठवा, ४४-४५ अंशांचा. आणि आपण पेटी कुठं लावतो? जिन्याच्या टोकाला, पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे वायर ओढायला सोपं आणि दिसत नाही. त्या पेटीत दुपारी हात घालून बघा.

दुसरं, उन्हात चार्जिंगचं व्होल्टेज कमी करायला हवं. २५ अंशांना जे योग्य, ते ४० अंशांना पाव व्होल्टहून थोड्या जास्त फरकानं चढं ठरतं. स्वस्त पॅनलला तापमान कळत नाही, ती आपली तेवढंच देत राहतात. आतलं पाणी उडतं, बॅटरी फुगते. बाजू फुगलेल्या दिसल्या तर मल्टिमीटर काढायचीही गरज नाही.

तिसरं कारण आपल्या घरांतलं खास: गावाला जाताना मेन स्विच बंद करणं. शॉर्टसर्किटच्या भीतीनं आईवडिलांनी लावलेली सवय. अलार्म, भिंतीतले सेन्सर आणि सिमकार्डवाला मेसेज पाठवणारा भाग मिळून २०० मिलीअँपिअर ओढत असतील, तर नव्या ७ एएचमध्ये कागदावर ३५ तास निघतात. प्रत्यक्षात कमी. चार उन्हाळे खाल्लेली बॅटरी दहा-बारा तासांत बसते. म्हणजे घर रिकामं झाल्याच्या पहिल्याच रात्री अलार्म बंद. वर लेड-अ‍ॅसिड पूर्ण रिकामी होऊन पाच दिवस पडून राहिली की ती पुन्हा धड भरत नाही. मावशीची बॅटरी उन्हानं अर्धी मेली होती, उरलेली तिनं मेन पाडून मारली. हे तिला सांगताना मी शब्द बदलले होते.

तसलीच लेड-अ‍ॅसिड की लिथियम?

पुण्याच्या भावाची लिंक लिथियम आयर्न फॉस्फेटची होती. वजनाला निम्म्याहून कमी, रोज रिकामी करून भरली तरी हजारो वेळा चालणारी. लेड-अ‍ॅसिडला अर्ध्यापर्यंत रोज उतरवलं तर चारपाचशे वेळांत ती थकते. या हिशेबानं लिथियमच घ्यावी असं वाटतं. पण अलार्मची बॅटरी शहरात रोज रिकामी होतच नाही. ती महिनोन् महिने भरलेली बसून असते आणि क्वचित तास-दोन तास काम करते. त्या कामात लेड-अ‍ॅसिड मुळीच कच्ची नाही.

शिवाय तीन अडचणी. एक, लिथियमला पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. पॅनलच्या पावणेचौदांवर ती चालते, पण सावकाश भरते. दोन, आणि ही मला सगळ्यांत खटकते: तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. पॅनल इशारा देतं ते व्होल्टेज बघून. म्हणजे 'लो बॅटरी'चा मेसेज येईल तेव्हा हातात काही मिनिटंच असतील. लेड-अ‍ॅसिड हळूहळू उतरते, म्हणून निदान रात्री दोनला मेसेज तरी आला. तीन, या बॅटऱ्यांना साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचं असतं. चांगल्या बॅटरीत तापमान बघणारं सर्किट असतं, ते गरम पेटीत चार्जिंग थांबवतं. स्वस्तात ते नसतं, ते आणखी वाईट.

म्हणून शहरातल्या, गावठाणातल्या घराला माझं मत सरळ आहे: तसलीच लेड-अ‍ॅसिड घ्या, पेटी हलवा. घेताना खोक्यावरची बनावटीची तारीख वाचा. वर्षभर दुकानात पडलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी महागच पडते, मी एका दुकानातून अशी आणून बसलो आहे. जुनी त्याच दुकानात द्या. शिशाचे थोडे पैसे मिळतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाहीच.

मळ्यातल्या घराचं मात्र वेगळं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घर असेल आणि लाइट शेतीच्या फीडरवरून दिवसाचे आठच तास येत असेल, तर उरलेल्या सोळा तासांत अलार्म ३.२ एएच खाणार आणि आठ तासांत पॅनल फार तर २.८ एएच भरणार. रोज थोडी तूट. कुठलीही बॅटरी टाका, इशारा येतच राहणार. तिथं लिथियम शोभते, पण तिच्याजोगा वेगळा चार्जर किंवा कंट्रोलरसह २० वॉटचं छोटं सोलर पॅनल जोडूनच. नुसती बॅटरी बदलून तिथं पैसे वाया जातील.

इन्व्हर्टरवर घेणं

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहेच त्यांना सगळ्यांत स्वस्त. वायरमन अर्ध्या तासात अलार्मचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतो. राउटरही त्याच लाइनवर घ्या, नाहीतर पॅनल जागं आणि मेसेज जायला नेट नाही. पॅनलची स्वतःची बॅटरी तरीही ठेवायचीच, कारण इन्व्हर्टर घरातला कुणीही बंद करू शकतो. गावाला जाताना इन्व्हर्टरही बंद करणाऱ्यांना याचा काही उपयोग नाही. आणि मेन पाडून नुसता इन्व्हर्टर चालू ठेवला, तर आठवडाभर पुरेल असंही नाही. रिकामा चालताना इन्व्हर्टर स्वतःच अलार्मपेक्षा जास्त खातो.

सेन्सरमधले सेल: इथं मात्र लिथियमला पैसे घाला

वायरलेस सेन्सरमध्ये काय बसतं ते झाकणावर लिहिलेलं असतं. तेच टाका. साधे एए असतील तर अल्कलाइन चालतात, पण उन्हात वर्षानुवर्षं ठेवले की पाझरतात आणि पांढरी बुरशी धरून सेन्सर खातात. दीड व्होल्टचे लिथियम एए महाग आहेत, पण पाझरत नाहीत आणि थंडीत दगा देत नाहीत. थंडीचं हसू नका. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, अर्धा संपलेला अल्कलाइन तेव्हा व्होल्टेज सोडतो आणि दुपारी पुन्हा सावरतो. पहाटेच टुकटुक, दुपारी शांत, असं असेल तर भूतबाधा नाही, सेल बदला.

रिचार्जेबल एए टाकायचा मोह टाळा. ते १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४. तीन व्होल्टची सवय असलेला सेन्सर पहिल्या दिवसापासून 'लो' म्हणू शकतो.

खरा धोका दिसायला सारख्या सेलचा आहे. सीआर १२३ए हा ३ व्होल्टचा. त्याच आकाराचा १६३४० नावाचा रिचार्जेबल मिळतो, तो भरल्यावर ४.२ व्होल्ट. एएच्या आकाराचा ३.६ व्होल्टचा लिथियमही असतो. खाचेत दोन्ही नीट बसतात आणि सेन्सर जाळू शकतात. जळगावला गोलाणी मार्केटात सेल आणायला जाल तर जुना सेल खिशात घेऊन जा आणि आकड्याला आकडा जुळवा.

झाकण उघडायच्या आधी पॅनल सर्व्हिस किंवा टेस्ट मोडवर टाका, नाहीतर छेडछाड समजून भोंगा वाजेल आणि गल्ली गोळा होईल. जुना सेल काढल्यावर अर्धा मिनिट थांबून नवा टाका, म्हणजे आतलं उरलंसुरलं विसरून सेन्सर नव्यानं मोजेल. मग ते दार एकदा उघडा-लावा. तोवर पॅनलला बातमी कळत नाही, इशारा तसाच राहतो आणि माणूस नव्या सेलला शिव्या देतो.

आणि अख्खी सिस्टिम?

पॅनल दोन वेगवेगळ्या वेळी चांगली बॅटरी देऊनही चार्ज करत नसेल, किंवा सेन्सरचे सुटे भागच मिळत नसतील, तरच. नव्या वायफाय पॅनलमध्ये बहुधा आतच चपटी लिथियम-आयन बॅटरी असते. दिसायला सुबक. पण ती काही तासांचीच असते, उन्हात फुगते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये घरी बदलता येत नाही. मावशीच्या वायर टाकलेल्या, बाकी ठणठणीत सिस्टिमला काढून ती बसवणं म्हणजे टायर पंक्चर म्हणून गाडी विकणं. घेणारच असाल तर एकच प्रश्न विचारा: बॅटरी सुटी मिळते का, आणि मी बदलू शकतो का? उत्तर तोंडावर आलं नाही तर दुकान बदला.

मावशीकडे शेवटी काकांचं ऐकलं. तसलीच ७ एएच आणली आणि मार्करनं तिच्यावर महिना-वर्ष लिहिलं. पेटी जिन्यावरच्या पत्र्याखालून काढून देवघराच्या मागच्या आतल्या भिंतीवर आणली. वायरमनकडून अलार्म आणि राउटर वेगळ्या एमसीबीवर (बोर्डावरच्या वेगळ्या स्विचवर) घेतले आणि त्याला लाल टेप लावली. मेन आता पाडायचा नाही, लाल सोडून बाकीचे पाडायचे. श्रावणात कानबाईच्या सणाला ती गावी गेली तेव्हा निघताना तिनं मला बोर्डाचा फोटो पाठवला. लाल टेपचा एमसीबी चालू होता. फ्रिजचाही चालूच राहिला होता, पण ते मी काकांना सांगितलं नाही.